पब्लिशर म्हणजे मुकादमच, फक्त त्याचा कारखाना दिसत नाही

बीड-केज-धारूरकडे उचल म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. कारखाना मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीच्या जोडप्याला, आगाऊ उचल देतो, आणि हंगाम ती फेडण्यात जातो. गेम बनवायला पैसे देऊन तो बाजारात आणणारा, म्हणजे गेम पब्लिशर, त्याचा धंदा असाच चालतो. संभाजीनगरला किंवा लातूरला बसून गेम बनवणाऱ्या चार-पाच जणांच्या टीमला मिळणारा ॲडव्हान्स ही उचलच. पण मुकादम कोणत्या कारखान्याचा हे कोयत्याला ठाऊक असतं. पब्लिशर कुणाच्या पैशावर उभा आहे, हे टीम सहसा विचारतच नाही.

का विचारावं, तर स्वीडनचा एम्ब्रेसर ग्रुप हा गेम पब्लिशर बघा. शेअर विकून पैसा उभा करायचा आणि स्टुडिओ घेत सुटायचं, अशी त्यांची चाल होती. जून २०२२ मध्ये सौदीच्या सरकारी फंडाच्या मालकीच्या सॅव्ही या गेमिंग कंपनीने त्यांच्यात १ अब्ज डॉलर घातले. पुढचा करार नाव न सांगितलेल्या एका पार्टीशी ठरत होता, सहा वर्षांचा, २ अब्ज डॉलरच्या वरचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला होकार मिळाला, पण तोंडी. २४ मे २०२३ ला कंपनीने जाहीर केलं की समोरच्याने ऐनवेळी नकार दिला. शेअर एका दिवसात सुमारे ४० टक्के पडला. समोरची पार्टी सॅव्हीच होती, असं पुढे बातम्यांत आलं. जूनमध्ये काटछाट सुरू झाली आणि ऑगस्टअखेर १९९३ पासूनचा व्होलिशन स्टुडिओ बंद झाला. बोनस धरून सुमारे १.३८ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणाऱ्या सौद्यात घेतलेला गिअरबॉक्स स्टुडिओ २०२४ मध्ये टेक-टू या अमेरिकी पब्लिशरला ४६ कोटी डॉलरला विकला. गंमत म्हणजे ही कंपनी मोठी झाली ती टीएचक्यू या दिवाळखोर पब्लिशरच्या २०१३ च्या लिलावातला उरलासुरला माल घेऊन.

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट या गेम कंपनीने २०२५ मध्ये वेगळी वाट धरली. तीन मोठ्या गेम-मालिका एका नव्या उपकंपनीत टाकल्या आणि चीनच्या टेन्सेंटकडून १.१६ अब्ज युरो घेऊन तिचा सुमारे चौथा हिस्सा दिला. म्हणजे विहिरीखालचा बागायती तुकडा भागीत दिला, कोरडवाहू स्वतःकडे ठेवलं. पैसा आला, पण पिकाच्या जमिनीत वाटेकरीही आला.

आता आपल्या टीमचं गणित. गेमची किंमत २० डॉलर, पण सेल, कर आणि आपल्याकडचे कमी दर धरून सरासरी १२ हातात येतात असं समजा. स्टीम, म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, ३० टक्के घेतं, उरले ८.४०. उचल १ लाख डॉलर, वर पब्लिशरने मार्केटिंगचे ४० हजार लावलेले. पूर्ण ८.४० मधून वसुली असेल तर सुमारे १६,७०० प्रतींवर उचल फिटते. पण वसुली ‘डेव्हलपरच्या हिश्श्यातून’ असं लिहिलं असेल आणि वाटणी निम्मी-निम्मी असेल, तर प्रतीमागे ४.२० च वळते होतात आणि आकडा ३३,३०० च्या पुढे जातो. तोवर पब्लिशरचा निम्मा हिस्सा मात्र पहिल्या प्रतीपासून सुरू. करारातल्या या एका ओळीवर हंगाम ठरतो. मार्केटिंगच्या खर्चाला वरची मर्यादा नसेल तर हिशेबच करू नका, तो कधी जुळत नाही.

पब्लिशरचा पैसा आटला की आधी माइलस्टोन, म्हणजे हप्ता मिळण्यासाठी ठरलेले कामाचे टप्पे, लटकतात. काल चालणारी बिल्ड (गेमची तोवर झालेली आवृत्ती) आज ‘अजून सुधारणा हव्यात’ म्हणून परत येते. ३० दिवसांचं बिल ९० वर जातं. मग पब्लिशरकडचा ओळखीचा प्रोड्युसर बदलतो. दोन माइलस्टोन असे अडकले की तिसऱ्याचं काम सुरू करू नये. तेवढा पगार आपल्या खिशातून जातो.

करारात ‘पब्लिशर दिवाळखोर झाल्यास हक्क परत’ असं कलम टाकून लोक निर्धास्त होतात. अमेरिकेत असं कलम दिवाळखोरीच्या कोर्टात बहुतेक वेळा टिकत नाही. त्याऐवजी ‘देय रक्कम ३० दिवस थकली तर लेखी नोटीस, पुढच्या १५ दिवसांत भरली नाही तर हक्क परत’ असं लिहून घ्यावं. ते कोर्टाच्या आधी लागू होतं.

आणि गेम स्टीमवर शक्यतो स्वतःच्या खात्यावरच चढवावा. पब्लिशरच्या खात्यावर असला तर विक्रीचा पैसा आधी त्याच्याकडे जातो, आणि तो बुडाला की तुम्ही घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी. गेम दुसऱ्या खात्यावर हलवता येतो, पण सुरुवात जुन्या खात्यावरून व्हावी लागते, आणि कपातीनंतर ते बटण दाबायला तिकडे माणूसच उरलेला नसतो.