जेट्स: हिशोबात गेले, हिशोबात आले

विनिपेगने आपल्या जेट्सना, म्हणजे गावच्या हॉकी संघाला, दोनदा निरोप दिला. पहिला ६ मे १९९५ ला. संघ जाणार हे ठरल्यातच जमा होतं, म्हणून विनिपेग अरेनात रीतसर समारंभ झाला. चौदा हंगाम याच संघाकडून खेळलेल्या थॉमस स्टीनचा २५ नंबर कायमचा बाजूला ठेवला गेला आणि लोक रडून घरी गेले. दहा दिवसांनी, रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमावरच्या 'द फोर्क्स' मैदानात ३५,००० माणसं जमली. संघ जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. पोरांनी गल्ले फोडले, कंपन्यांनी आकडे जाहीर केले, वर्गणी एक कोटी डॉलरच्या वर गेली. त्यातून मिळालं एक वर्ष. दुसरा आणि खरा निरोप २८ एप्रिल १९९६ चा. डेट्रॉइट रेड विंग्जने प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीच्या, सहाव्या सामन्यात ४-१ ने हरवलं. जेट्सचा शेवटचा गोल नॉर्म मॅकाइव्हरच्या नावावर आहे. डेट्रॉइटने त्या हंगामात ६२ सामने जिंकले होते, त्यामुळे हरण्याचं आश्चर्य कुणालाच वाटलं नव्हतं.

ही हॉकी अर्थातच बर्फावरची, आणि विनिपेग म्हणजे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी. तेव्हा वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास, हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत सहज. आपल्याकडे या प्रकाराशी जवळची ओळख पुणेकरांची: आयपीएलचे दोन संघ आले आणि गेले. फरक एवढाच की तिथे संघ बंद पडले. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये संघ म्हणजे लीगने दिलेला परवाना. तो विकता येतो, आणि लीगने होकार दिला की खेळाडू, करार आणि विक्रमांच्या वहीसकट उचलून दुसऱ्या गावात नेता येतो. जेट्स असेच फिनिक्सला गेले आणि कायोटीज झाले. वाळवंटात.

गेले कशामुळे, यावर अजून वाद होतात. 'लोक सामन्यांना येत नव्हते' हे कारण सर्रास दिलं जातं. ते मला अपुरं वाटतं. गणित मांडून बघा.

खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये, तिकिटांचं उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये. १९९१ मध्ये एक कॅनेडियन डॉलर सरासरी ८७ अमेरिकन सेंटचा होता. म्हणजे एक कोटी अमेरिकन डॉलर पगारापोटी द्यायला एक कोटी पंधरा लाख कॅनेडियन लागत. १९९५ मध्ये भाव ७३ सेंटवर आला आणि त्याच एक कोटीला एक कोटी सदतीस लाख लागायला लागले. एकाही खेळाडूचा पगार न वाढता खर्च एकोणीस टक्क्यांनी चढला. आणि पगार तर दरवर्षी वाढतच होते, कारण कमाल मर्यादाच नव्हती. १९९४-९५ च्या टाळेबंदीत मालकांनी लगाम घालायचा प्रयत्न केला, अर्धा हंगाम बुडाला, ४८ सामन्यांची स्पर्धा झाली आणि मर्यादा आलीच नाही.

दुसरं, इमारत. विनिपेग अरेना १९५५ चं. १९७९ मध्ये एनएचएलमध्ये शिरताना वरचे उभे सज्जे चढवून क्षमता १५,००० च्या पुढे नेली. पाच बाय सात मीटरचं राणी एलिझाबेथचं चित्र एका टोकाला टांगलेलं असायचं. जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीत ते गोलांइतकंच पक्कं बसलंय. पण नव्वदच्या दशकात संघ पैसे कमवत ते कंपन्यांना भाड्याने दिलेल्या आलिशान बॉक्समधून, आणि जुन्या इमारतीत ते नावापुरतेच होते. शिवाय संघ तिथे भाडेकरू, इमारत शहराच्या ताब्यातल्या संस्थेची. १९९१ च्या करारानुसार ठराविक मुदतीपर्यंतचा तोटा शहर आणि प्रांत सोसणार होते. ती मुदत संपत आली, नवं अरेना कुठे दिसेना, आणि मालकाने साडेसहा कोटी अमेरिकन डॉलरला संघ विकला. मधे मिनियापोलिसचंही घाटत होतं, ते फिसकटलं, मग फिनिक्स.

वर्गणीने हे भागणार नव्हतं. वर्गणी एकदाच येते, तोटा दरवर्षी येतो.

गमावलं काय, तेही सांगायला हवं. जेट्सनी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्याचा करंडक, कधी जिंकला नाही. त्यांची खरी सुबत्ता एनएचएलच्या आधीची, डब्ल्यूएचए या बंडखोर लीगमधली. १९७२ मध्ये बॉबी हल या नामांकित खेळाडूला भर चौकात, पोर्टेज आणि मेनच्या नाक्यावर, दहा लाख डॉलरचा भलामोठा चेक दिला. दोन वर्षांनी स्वीडनहून हेडबर्ग आणि निल्सन हे खेळाडू आले, आणि १९७६, १९७८, १९७९ असे त्या लीगचे तीन अॅव्को कप घरात आले. १९७९ मध्ये ती लीग एनएचएलमध्ये विलीन झाली तेव्हा संघाला फक्त दोन गोलरक्षक आणि दोन इतर खेळाडू राखता आले, बाकीचे गेले. १९८०-८१ मध्ये सलग तीस सामने विजयाविना आणि हंगामभरात नऊच विजय! त्या दारिद्र्याचं एकच फळ म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत तळाच्या संघाला मिळणारा पहिला हक्क, आणि त्यातून आलेला डेल हॉकर्चुक. पुढे दहा वर्षं रडगाणं एकच: गाठ एडमंटनशी, ज्यात १९८८ पर्यंत वेन ग्रेट्स्की हा महान खेळाडू होता. १९८३ ते १९९० मध्ये प्लेऑफमध्ये सहा वेळा सामना झाला, सहाही वेळा हार.

'व्हाइटआउट' याच काळातला. १९८७ च्या प्लेऑफमध्ये कॅल्गरीचे प्रेक्षक लाल कपड्यांत येत, त्याला उत्तर म्हणून विनिपेगकर नखशिखांत पांढरे. तेव्हा यजमान संघ पांढरी जर्सी घालत असे, त्यामुळे बर्फ, खेळाडू आणि सज्जे सगळं एकरंगी दिसे आणि पाहुण्यांच्या लाल जर्स्या तेवढ्या उठून दिसत. जेट्सनी ती मालिका जिंकली. २००३ पासून लीगने घरच्या मैदानावर गडद जर्सी सक्तीची केली, म्हणून आजच्या व्हाइटआउटमध्ये पांढरं फक्त सज्जात असतं. जुनी चित्रफीत आणि नवी शेजारीशेजारी लावा, फरक लगेच कळतो.

आणि टीमू सेलाने. नवखा, फिनलंडचा, १९९२-९३ मध्ये ७६ गोल. नवख्याचा ५३ गोलांचा माइक बॉसीचा विक्रम २ मार्च १९९३ ला मोडल्यावर त्याने हातमोजा हवेत भिरकावला आणि स्टिक बंदुकीसारखी धरून तो 'टिपला'. ७६ चा आकडा नवख्यांमध्ये आजही कुणाला गाठता आलेला नाही.

मग पंधरा वर्षं मूस. मॅनिटोबा मूस हा खालच्या लीगमधला संघ १९९६ मध्येच मिनेसोटाहून आला, आणि त्याच्या मागे मार्क चिपमन हा स्थानिक उद्योजक होता. एनएचएलचा चाहता दुय्यम लीगचा संघ सहसा नाक मुरडून बघतो. विनिपेगमध्येही बरेच जण वर्षानुवर्षं फिरकले नाहीत. जे गेले त्यांनी पुढे व्हँकुव्हरचे झालेले केसलर, बिएक्सा, बरोज यांना ऐन उमेदीत पाहिलं. पण मूसचं मोठं काम बर्फाबाहेरचं: तिकीटविक्रीची यंत्रणा, कार्यालय, नियमित येणाऱ्यांची यादी हे सगळं या पंधरा वर्षांत तयार झालं. २०११ मध्ये तेच कामाला आलं.

अरेनाचंही तसंच. पोर्टेज अॅव्हेन्यूवरचं इटन्स हे भलंमोठं दुकान १९९९ मध्ये बंद पडलं. ते पाडायला विरोध झाला, तरी पाडलं, आणि १६ नोव्हेंबर २००४ ला तिथे एमटीएस सेंटर उघडलं. खर्च १३ कोटी ३५ लाख डॉलर, त्यात सरकारी वाटा एक तृतीयांशाहून कमी. क्षमता १५,००० च्या आसपास. एनएचएलसाठी फारच लहान, असं तेव्हा शहाणी मंडळी सांगत होती. मला हा त्यातला सगळ्यात चतुर निर्णय वाटतो. लहान गावात १८,००० खुर्च्या बांधल्या तर तीन हजार रिकाम्या दिसतात, आणि 'सामन्याच्या दिवशी बघू' म्हणणारा माणूस हंगामाचं तिकीट काढत नाही. दुकानातला टिमथी इटनचा ब्राँझचा पुतळा नव्या इमारतीत आणून बसवला आहे. त्याच्या बुटाचं टोक नशिबासाठी चोळून चोळून चकचकीत झालंय.

आता जुळून आलेल्या गोष्टी बघा. २००५ मध्ये, अख्खा हंगाम बुडवून, लीगने पगाराची कमाल मर्यादा आणली: सुरुवातीला संघामागे ३ कोटी ९० लाख डॉलर. त्याआधी डेट्रॉइट, न्यूयॉर्क याच्या जवळपास दुप्पट उडवत होते. २००७ मध्ये कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला आणि २०११ च्या मे महिन्यात तर वर होता. इमारत तयार होती. चिपमनच्या जोडीला कॅनडातल्या अतिश्रीमंतांपैकी एक, डेव्हिड थॉमसन, आले. आणि २००९ मध्ये फिनिक्सचं दिवाळं निघालं.

पहिला डोळा अर्थातच फिनिक्सवर होता. आपलाच संघ परत! दोन वर्षं तो घास तोंडाशी येऊन गेला, कारण फिनिक्सजवळच्या ग्लेनडेल शहराने वर्षाला अडीच कोटी डॉलर भरून तो राखला. मग अटलांटा थ्रॅशर्स विकायला निघाला. ३१ मे २०११ ला तो विनिपेगला येणार अशी घोषणा झाली. किंमत १७ कोटी डॉलर, त्यातले सहा कोटी स्थलांतराचं शुल्क म्हणून लीगच्या खिशात. लीगच्या बैठकीआधी १३,००० हंगामी तिकिटं विकून दाखवायची होती. आधी मूसच्या जुन्या ग्राहकांना संधी मिळाली आणि साडेतीन दिवसांत ७,१५८ गेली. ४ जूनला सर्वांसाठी विक्री उघडली. उरलेली सतरा मिनिटांत संपली. ही नुसती एका सामन्याची तिकिटं नव्हती. तीन ते पाच वर्षांची बांधिलकी होती, घरच्या ४१ सामन्यांसाठी. प्रतीक्षायादी ८,००० वर नेऊन बंद करावी लागली.

लोकांनी एकट्याने थोडीच घेतली! एका जोडीत चार घरं भागीदार, सप्टेंबरमध्ये बसून आळीपाळीने सामने निवडायचे, टोरंटो आणि माँट्रियाल आधी संपायचे, फेब्रुवारीतले मंगळवार शेवटी कुणाच्या तरी गळ्यात पडायचे.

पहिला सामना ९ ऑक्टोबर २०११ ला, माँट्रियालविरुद्ध, ५-१ ने हार. एकुलता गोल निक आन्त्रोपोव्हचा. राष्ट्रगीतातल्या 'ट्रू नॉर्थ' या शब्दांवर प्रेक्षक जोरात ओरडतात ती प्रथा याच नव्या काळातली. ट्रू नॉर्थ हे मालक कंपनीचं नाव, त्यामुळे ती सरळसरळ आभाराची आरोळी. पहिल्या दोन हंगामांत संघ अटलांटाच्याच गटात राहिला, म्हणजे 'विभागातले शेजारी' कोण तर फ्लोरिडा, टॅम्पा, कॅरोलिना. १९९६ नंतरचं पहिलं प्लेऑफ २०१५ मध्ये आलं, आणि अॅनाहाइमने ४-० ने धुतलं. २०१८ मध्ये मात्र पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल गेली.

आता एक वैताग. अधिकृत वहीत आजच्या जेट्सचा इतिहास १९९९ मध्ये अटलांटात सुरू होतो. सेलानेचे ७६ गोल, हॉकर्चुकची सगळी वर्षं फिनिक्सच्या खात्यात गेली. नाव विनिपेगला मिळालं, वारसा नाही. २०१६ मध्ये माजी खेळाडूंचा उघड्या मैदानातला सामना एडमंटनशी झाला, हॉकर्चुक कर्णधार, आणि सेलानेने शेवटच्या काही सेकंदांत पेनल्टी शॉटवर ६-५ ने जिंकून दिला. त्या विजयाची कुठल्याच आकडेवारीत नोंद नाही. २०२४ मध्ये फिनिक्सचाही संघ गेला, खेळाडू युटाला. लीगने युटाचा संघ नवा मानला, म्हणजे जुन्या जेट्सचे विक्रम आता अस्तित्वात नसलेल्या संघाच्या नावावर पडून आहेत. हॉकर्चुक २०२० मध्ये गेला. त्याचा पुतळा मात्र विनिपेगमध्येच आहे.

हे सगळं नुसतं इमारत बांधून होत नाही, हे बघायचं तर क्वेबेककडे बघा. नॉर्डिक्स १९९५ मध्ये कोलोराडोला गेले आणि पहिल्याच वर्षी स्टॅन्ली कप जिंकून मोकळे झाले. क्वेबेकने २०१५ मध्ये १८,००० खुर्च्यांचं अरेना उघडलं, नव्या संघासाठी अर्जही केला. तोवर डॉलर पुन्हा घसरला होता, आणि पूर्वेकडे संघ आधीच जास्त होते. परवाना लास व्हेगासला मिळाला. अरेना अजून वाट बघतंय.

विनिपेगचंही सगळं आलबेल नाही. साथीनंतर हंगामी तिकिटं १३,००० वरून ९,५०० पर्यंत उतरली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत चिपमननेच जाहीरपणे सांगितलं की हे फार काळ चालणार नाही. तेव्हा इथे कंपन्यांकडे जेमतेम पंधरा टक्के तिकिटं होती, बाकी घराघरांतली. चार घरांच्या जोडीतलं एक घर गळलं की उरलेल्यांवर दहा सामन्यांचा भार पडतो, आणि पुढच्या वर्षी जोडीच सुटते. म्हणून मग अर्ध्या आणि पाव हंगामाच्या योजनांवर भर दिला गेला. २०२४-२५ मध्ये संघाने ५६ सामने जिंकून साखळीत पहिला क्रमांक पटकावला, सेंट लुइसविरुद्ध सातव्या सामन्यात १.६ सेकंद उरले असताना बरोबरी साधून दुसऱ्या जादा डावात मालिका खेचली. त्याने गर्दी परतते. पण पगाराची मर्यादा २०२५-२६ ला साडेनऊ कोटी अमेरिकन डॉलरच्या वर होती, आणि कॅनेडियन डॉलर तेव्हा पुन्हा बहात्तर सेंटच्या आसपास रेंगाळत होता.