तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं सगळं नवीन येतंय, तुम्ही अपडेट कशा राहता?

हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. टीममधली नवीन मुलं विचारतात, कॉलेजमध्ये गेस्ट लेक्चरला गेले की हमखास कुणीतरी हात वर करतंच, आणि परवा कराडला एका लग्नात भाचा जेवता जेवता म्हणाला, मावशी तू १७ वर्षं जावा प्रोग्रामिंगमध्ये आहेस, रोज काहीतरी नवीन येतं, मागे पडायची भीती नाही वाटत का तुला? तेवढ्यात जिलबीवाला आला, आग्रह सुरू झाला आणि उत्तर राहूनच गेलं. ते आता नीट लिहिते.

भीती वाटायची. खूप वाटायची. २००९ साली नोकरीला लागले तेव्हा पहिलं काम मिळालं फ्लेक्सचं, म्हणजे फ्लॅशवर चालणाऱ्या स्क्रीन बनवायचं, आणि मी त्यात अक्षरशः जीव ओतला, रात्री रूमवर येऊन पण तेच करायचे. आज फ्लेक्सचं नाव काढलं तर टीममधल्या निम्म्या मुलांना ते काय होतं हे सांगावं लागतं, फ्लॅश प्लेयरचा सपोर्टच ३१ डिसेंबर २०२० ला संपला. पण त्याच प्रोजेक्टमध्ये रिपोर्ट काढायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकले, माहिती पटकन शोधायची सूची म्हणजे इंडेक्स काय असतो, दोन टेबलं जोडणारा जॉइन कुठे महाग पडतो, डेटाबेस उत्तर कसं शोधणार ते दाखवणारा एक्सप्लेन कसा वाचायचा, आणि ते आज सकाळी पण वापरलं. हे लक्षात आल्यावर मी धावायचं थांबवलं.

आता माझ्या तीन गोष्टी ठरलेल्या आहेत: जावा ही भाषा, स्प्रिंग हा जावाचा फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्राम लिहायचा तयार सांगाडा, आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. माझा पगार या तिघांवर चालतो, यांचं मी बारकाईने बघते, बाकीच्यांचं नाव आणि ते कशासाठी आहे एवढं माहीत असलं की मला पुरतं. आणि या तिघांचं वेळापत्रक बाहेर जाहीर असतं हो, हे मुलांना माहीतच नसतं! जावाची २०१७ पासून दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती येते, मार्च आणि सप्टेंबर. पोस्टग्रेसची वर्षातून एक मोठी आवृत्ती, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि प्रत्येकीला पाच वर्षं सपोर्ट. म्हणजे वर्षातून तीनचार वेळा रिलीज नोट्स, त्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी, नीट बसून वाचायच्या. मी त्या कंपनीच्या बसमध्ये वाचते, कोथरूडहून हिंजवडीला जाताना वाकडच्या पुलापाशी बस अडकली की चांगली वीसपंचवीस मिनिटं मिळतात.

पण वाचताना मी काय शोधते ते महत्त्वाचं आहे. नवीन काय आलं हे सगळेच बघतात. मी आधी बघते की मला जे माहीत आहे त्यातलं आता काय खोटं झालं.

याला कारण आहे. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, विथ वापरून आधी एक भाग वेगळा लिहिता येतो, वाचायला छान वाटतं, पण जुन्या आवृत्त्यांमध्ये तो भाग आधी पूर्ण वेगळा चालायचा, बाहेरची अट आत पोचायची नाही, त्यामुळे मोठ्या टेबलवर क्वेरी रखडायची. हे मी स्वतः भोगलं होतं म्हणून मी प्रत्येक नवीन मुलाला सांगायचे, विथ टाळा, सबक्वेरी लिहा, म्हणजे क्वेरीच्या आतच दुसरी क्वेरी. २०१९ मध्ये १२ वी आवृत्ती आली आणि हे बदललं, तो भाग एकदाच वापरला असेल आणि त्यात डेटा बदलण्यासारखा काही साइड इफेक्ट नसेल तर क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर तो बाहेरच्या क्वेरीत मिसळून टाकतो. आम्ही १२ वर गेलो आणि तरी मी दोन वर्षं तेच सांगत राहिले. एका मुलीने कोड रिव्ह्यूमध्ये मला एक्सप्लेनचा आउटपुट लावून विचारलं, मॅडम, इथे तर काही फरक दिसत नाहीये. तिचं बरोबर होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, माझ्यापुरतं असतं तर चाललं असतं, पण मी ते दहापंधरा जणांना शिकवलं होतं आणि त्यांनी पुढे आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे, साधी दोनशे पानी, त्यात मी लोकांना जे नियम सांगते ते लिहिलेत, पुढे कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलं तो आकडा. नवीन आवृत्ती आली की वही उघडायची.

दुसरं म्हणजे शनिवारची सकाळ. सात ते साडेआठ, घरात सगळे झोपलेले असतात. या दीड तासात मी फक्त एक छोटा प्रोग्राम लिहिते, वाचलेल्या एका गोष्टीबद्दल, वीसतीस ओळींचा. एक उदाहरण सांगते म्हणजे कळेल. सप्टेंबर २०२३ ला जावा २१ आलं, त्यात व्हर्च्युअल थ्रेड्स पक्के झाले, थ्रेड म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारा कामाचा एक धागा आणि व्हर्च्युअल म्हणजे मोजके खरे थ्रेड आळीपाळीने वापरणारे हलके थ्रेड, आणि ऑफिसमध्ये सगळे म्हणायला लागले की आता लगेच चालू करू. मी १०,००० कामं लिहिली, प्रत्येक काम फक्त एक सेकंद झोपणार. आधी २०० साध्या थ्रेड्सच्या पूलवर, म्हणजे एका वेळी २०० च कामं, अशी चालवली, ५० सेकंद लागले, हिशोबाने तेवढेच लागायला हवेत. मग तीच व्हर्च्युअल थ्रेड्सवर, सेकंद-सव्वा सेकंदात खलास. मी खुर्चीतून उठलेच. पण त्या फीचरचं जे मूळ प्रपोजल आहे, जेईपी ४४४, त्यात लिहिलेलं होतं की सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकच्या, म्हणजे लॉक लावून एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कोडच्या, आत थ्रेड थांबला तर तो खालच्या खऱ्या थ्रेडला चिकटून बसतो. म्हणून झोपायची ओळ सिंक्रोनाइझ्डमध्ये टाकली, प्रत्येक कामाला स्वतःचं वेगळं लॉक दिलं म्हणजे कुणी कुणाची वाट बघायचं कारणच नको. चालवलं, चहा केला, चहा पिऊन झाला, मुलीचा डबा भरला, तरी चालूच. माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला ८ कोअर, म्हणून खालचे खरे थ्रेडही ८, म्हणजे एका वेळी आठच कामं पुढे सरकत होती, १०,००० ला जवळजवळ २१ मिनिटं.

सोमवारी टीमला हे सांगताना मी रिक्षा स्टँडचं उदाहरण दिलं. स्टँडवर ८ रिक्षा आहेत, गिऱ्हाईक दुकानात गेलं की रिक्षा तेवढ्यात दुसरी सवारी मारून येते, म्हणून आठ रिक्षांत हजारो लोक निभावतात, पण सिंक्रोनाइझ्डमधलं गिऱ्हाईक म्हणतं इथेच थांबा, मी आलोच, आणि आत एक तास घालवतं. आमच्या एका सर्व्हिसमधला डेटाबेसचा ड्रायव्हर जुना होता, त्याच्या आत जागोजागी सिंक्रोनाइझ्ड होतं. आम्ही तिथे व्हर्च्युअल थ्रेड्स चालू केले नाहीत, थांबलो. मार्च २०२५ ला जावा २४ आलं, जेईपी ४९१ ने ही अडचण काढली, मी तोच जुना प्रोग्राम एक अक्षर न बदलता चालवला आणि तो पुन्हा सेकंदाच्या आसपास संपला. वहीत तो नियम खोडला, शेजारी २४ लिहिलं. हा आनंद मला शब्दात सांगता येत नाही, पण हाच आनंद आहे म्हणून मी १७ वर्षं टिकलेय.

आपण कशावर उभे आहोत हे माहीत असणं पण यातच आलं. १० डिसेंबर २०२१, शुक्रवार, लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतल्या त्या भयंकर होलची बातमी सगळीकडे पसरली, लॉगमध्ये एक विशिष्ट स्ट्रिंग लिहिली गेली तरी बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरवर कोड चालवू शकत होता. रात्रभर फोन. ज्यांना आपल्या प्रोजेक्टचा डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कुठली लायब्ररी कुणामुळे आत आली त्याचा नकाशा, वाचता येत होता ते दोन तासात मोकळे झाले, कारण स्प्रिंगवर आधारलेलं स्प्रिंग बूट मुळात लॉगबॅक ही दुसरी लायब्ररी वापरतं आणि ट्रीमध्ये नुसतं लॉगफोरजे-एपीआय दिसलं तर धोका नव्हता, धोका लॉगफोरजे-कोअरमध्ये होता. आमच्याकडे एका रिपोर्टिंग लायब्ररीने ते कोअर गुपचूप आत आणलं होतं. महिना संपेपर्यंत २.१५.०, २.१६.०, २.१७.०, २.१७.१ असं चार वेळा अपग्रेड केलं. त्या रात्री कुठला नवीन फ्रेमवर्क येतो हे कुणी विचारत नव्हतं.

आणि एआयचं काय, हे पण विचारता. वापरते ना, रोज वापरते, अनोळखी कोड समजून घ्यायला तर खूपच. पण स्प्रिंग बूट ३ वर जाताना कोडमधल्या पॅकेजच्या नावांत जावाएक्सचं जकार्ता करावं लागतं, ते काम एका एआय टूलला दिलं तर त्याने जावाएक्स डॉट एसक्यूएल पण बदलून टाकलं, आणि ते तर जावाच्या स्वतःच्या पोटातलं पॅकेज आहे, ते तसंच राहतं. कंपाइल झालं नाही म्हणून लगेच सापडलं. त्याने सांगितलेलं मूळ डॉक्युमेंटेशनमध्ये जाऊन बघायचं, ही पायरी मी सोडत नाही.

कोर्सवर मी फार पैसे घालवत नाही, डॉक्युमेंटेशन फुकट आहे आणि तेच सगळ्यात ताजं असतं, एवढंच.

या शनिवारी पोस्टग्रेस १८ चा नंबर आहे. शाखा आणि तारीख असा दोन कॉलमचा इंडेक्स असेल आणि क्वेरीत फक्त तारीख असेल तर इंडेक्सचा फारसा उपयोग नाही, हे मी २०११ पासून सांगत आलेय, वहीत पान ३ वर आहे. १८ मध्ये स्किप स्कॅन आलंय, म्हणजे इंडेक्समध्ये एका शाखेवरून दुसऱ्या शाखेवर उडी मारत तारीख शोधायची, शाखा मोजक्याच असतील तर तोच इंडेक्स आता कामाला येतो म्हणतात. भाच्याला सांगितलंय, लॅपटॉप घेऊन शुक्रवारी रात्रीच ये, शाखा आधी १० ठेवून बघू, मग १०,००० करू.