क्लास गेला, अक्षरं राहिली

आमचं नाशिकचं घर उघड्या विटांचं आहे. प्लास्टर नाही, रंग नाही. तळमजल्यावरच्या कोचिंग क्लासने जागा सोडताना दर्शनी भिंतीवरची ॲक्रिलिकची अक्षरं उचकटून नेली आणि डिंक तसाच ठेवला. पाटी नसूनही क्लासचं नाव लांबून वाचता यायचं. ॲडमिशनच्या दिवसांत पालक बेल वाजवायचे, ते वेगळंच.

गवंडीदादांचा उपाय तयार होता. "ताई, ग्राइंडर फिरवतो, अर्ध्या तासात चकाचक." मी हात जोडले. विटेच्या वरच्या अंगाला भट्टीत भाजून आलेला कडक थर असतो. तो एकदा घासला गेला की आतली वीट पावसाचं पाणी पीत बसते. फरशीचं ॲसिडही नको म्हटलं. ते दरजांमधलं, म्हणजे विटांच्या सांध्यांमधलं, सिमेंट खातं आणि डिंकाला हातही लावत नाही. तारेचा ब्रशही नको. तारेचे बारीक तुकडे विटेत अडकून गंजतात.

नखाने टोकरून पाहिलं तर डिंक दोन प्रकारचा निघाला. अक्षरांमागे रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉन होतं आणि खालच्या पट्टीमागे पिवळट, चिवट झालेला रबरी डिंक. हे आधी कळणं महत्त्वाचं, कारण थिनर रबरी डिंक सैल करतो, पण वाळलेल्या सिलिकॉनला त्याने काही होत नाही. ते दोनशे अंशांपर्यंतची उष्णताही सोसतं, त्यामुळे तिथे हीट गनचा काही उपयोग नाही. ब्लेड विटेला समांतर धरून ते कापत गेले, सुटलेली कड चिमटीत धरून ओढली.

पिवळ्या डिंकाला मात्र हीट गन लागू पडली. कोमट होऊन डिंक हलू लागला की बांबूच्या कामटीने खरवडायचा. धूर यायला लागला तर गन लांब न्यायची. वरचा थर निघाला, छिद्रांत मुरलेला राहिला. तिथे थिनरचं फडकं घासलं की पातळ झालेला डिंक आणखी आत जातो आणि डाग पसरतो. म्हणून मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये घट्ट कालवली, थालीपीठ थापावं तशी डागावर थापली आणि वरून प्लास्टिक चिकटवलं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप वाळू दिला. टर्पेंटाइन उडताना डिंक मातीत ओढला जातो. वाळलेली माती नायलॉनच्या ब्रशने झाडली तर ती पिवळी पडलेली होती! हट्टी डागांवर पुन्हा लेप दिला. हे आधी मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात करून पाहिलं होतं. हातमोजे हवेत, आणि आसपास विडी-सिगारेट अजिबात नको.

एवढं करूनही अक्षरं पुसट दिसतच होती. मग लक्षात आलं, हा डिंकच नाही. पाटीखालची वीट इतकी वर्षं झाकलेली, म्हणून उजळ. भोवतीची वीट धूळ, धूर आणि पावसाळी शेवाळाने काळवंडलेली. म्हणजे धुवायची होती ती भोवतालची भिंत. आधी साध्या पाण्याने भिजवली, मग साबणाच्या पाण्याने अख्खा पट्टा घासला. फरक बराच मिटला.

उरलेल्या डागांवर टाकीमागे पडलेल्या त्याच लॉटच्या विटेचा तुकडा घासला. विटेची भुकटी डागात बसून रंग मिळून आला. सिलिकॉनचा पातळ पापुद्रा राहिला होता तिथे मात्र काहीच धरेना. त्याच्यावर रंगही टिकत नाही. तसल्या दोनेक विटा गवंडीदादांनी छन्नीने दरजा मोकळ्या करून काढल्या आणि टाकीमागच्या बसवल्या. पहिला पाऊस पडेपर्यंत त्या जरा नव्यानवेल्या दिसतील.

दुकानदार वरून चकचकीत क्लिअर कोट मारायला सांगत होता. तो घेतला नाही. भिंतीतली ओल त्याच्यामागे कोंडते आणि कोट पापुद्र्यांनी सुटतो.

नव्या भाडेकरूंच्या करारात एक ओळ वाढवली आहे: पाटी चिकटवायची नाही, दरजेत ड्रिल करून स्क्रूवर लावायची. दरजेतलं भोक सिमेंटच्या चिमूटभर मालाने बुजतं.