डिफ्युझरची रबरी चोच

डिफ्युझर म्हणजे सांडपाणी समुद्रात सोडणाऱ्या नळाचं किंवा बोगद्याचं भोकाभोकांचं टोक. ते आखताना सगळे भर पावसाळ्यातला प्रवाह विचारतात. मी आधी पहाटे तीनचा विचारते. तेव्हा सांडपाणी जेमतेम वाहतं आणि घनमीटरमागे साधारण २५ किलोनं जड असलेलं समुद्राचं पाणी उघड्या भोकातून आत शिरतं. सोबत वाळू, मग शिंपले. मुंबईतल्या वरळी-वांद्र्यासारखा समुद्रात तीन किलोमीटरहून जास्त आत गेलेला बोगदा असेल तर साफ करायला कोण उतरणार?

बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह इथे कामाचा. आतला दाब कमी झाला की ओठ मिटतात, वाढला की फाकतात. कमी प्रवाहातही धारेचा वेग टिकतो आणि सांडपाणी नीट मिसळतं. फुकट नाही हं! पंपाला जास्तीचा दाब द्यावा लागतो, जाड रबराला आणखीच. त्यात भरतीचं पाणी बाहेरून उलटा दाब देतं, म्हणून जाडी ठरवण्याआधी मी मोठ्या भरतीची पातळी मागते. पंपवाले वैतागतात. वैतागू देत.