फॅन तर चालू होता

मे महिन्यात वाईत गॅरेज चालवणाऱ्याला पसरणी घाट वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बारा-तेरा किलोमीटरमध्ये जवळजवळ ६०० मीटरचा चढ, वर पाचगणी-महाबळेश्वरची रांग, एसी फुल, टपावर सामान. बोनेट उघडून उभ्या असलेल्या बहुतेक गाड्यांचं दुखणं ठरलेलं असतं. कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेलं, क्षाराने रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या, नाहीतर झाकणाची स्प्रिंग मेलेली. हे झाकण लोकांना नुसतं बूच वाटतं. ते साधारण १ बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब सुटला की तीच गाडी पाणी फेकायला लागते.

सरांची गाडी यातल्या कशातच बसत नव्हती. सर पाचगणीच्या शाळेत शिकवतात, रोज घाट चढतात. जुनी पेट्रोल गाडी, पण नीट ठेवलेली. हायवेला साताऱ्यापर्यंत तापमानाचा काटा मध्यावरून हलायचा नाही. घाटात ट्रकमागे अडकली किंवा बाजारात गर्दीत थांबली की चढायला लागायचा. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने थर्मोस्टॅट काढून टाकला, दुसऱ्याने हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय म्हणून मोठा खर्च सांगितला. सर मला म्हणाले, "मिस्त्री, हेड उतरवायचं तर उतरवा. पण उतरवायची गरज आहे का, ते आधी सांगा."

थर्मोस्टॅट काढून टाकायची ही पद्धत कधी बंद होणार कळत नाही. ८२ अंशांच्या आसपास उघडून पाणी रेडिएटरला सोडणारा हा व्हॉल्व्ह कंपनीने शोभेला बसवलेला नसतो. तो काढला की इंजिन वेळेवर तापत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिन थंड आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते. काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह नसला की बायपासची आडवाट उघडीच राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत फिरतं. म्हणजे गरम होणारी गाडी आणखी गरम.

मी आधी हेडचा संशय फेडून घेतला. थंड इंजिनावर पंपाने १ बार दाब भरला, पंपाचा काटा जागचा हलला नाही. मग गाडी चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावणाची नळी लावली. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. निळंच राहिलं. तेलात पाणी नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही. गॅस्केट गेल्याची एकही खूण नव्हती. ज्याने खर्च सांगितला त्याने यातलं काय तपासलं होतं, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

वेगात थंड आणि उभी असताना गरम, म्हणजे हवेचा प्रश्न. पण प्रत्येकाने फॅन बघितला होता आणि तो चालू होता. रिले (फॅनला करंट देणारा स्विच) वेळेवर लागत होता, मोटरचा आवाजही चांगला होता. एसी लावला की काटा उलट लवकर चढायचा. एसी गर्दीत गार करत नाही म्हणून एसीवाल्याने गॅसही भरून दिला होता.

जाळीत माती अडकलीय का बघायला मी टॉर्च घेऊन पुढच्या बंपरसमोर बसलो. फॅन लागला आणि गरम वारा माझ्या तोंडावर आला. तिथे वारा यायलाच नको. फॅनने पुढची हवा आत ओढायची असते. देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून ग्रिलपुढे धरली, तर धूर आत जायच्या ऐवजी माझ्याकडे ढकलला जात होता.

सरांना विचारलं, "पुढून कधी ठोकली होती का?" दिवाळीत ठोकली होती. बंपर, कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी), फॅनची मोटर सगळं बदललं होतं. श्राउड (फॅनभोवतीचं कव्हर) सुटा केला तेव्हा दिसलं, लोकल मोटरचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) बसला नाही म्हणून वायरी कापून टेपने जोडलेल्या, आणि प्लस-मायनस अदलाबदल. दोन वायरींची डीसी मोटर उलटी दिली की उलटी फिरते. फॅन इंजिनाकडची तापलेली हवा पुढे ढकलत होता. हायवेला समोरच्या वाऱ्यापुढे त्याचं काही चालायचं नाही, घाटात मात्र त्याचंच राज्य.

वायरी सरळ करून सोल्डर केल्या, वर स्लीव्ह चढवली. नवा थर्मोस्टॅट, नवं कूलंट, पाण्यात अडकलेली एअर काढली. सरांना शेजारी बसवून भर दुपारी एसी लावून पाचगणीपर्यंत गाडी नेली. स्कॅनरवर ९७ च्या वर आकडा गेला नाही, आणि एसी पहिल्यांदाच गार करत होता.

ज्याच्याकडे ते डेंटिंगचं काम झालं, तो माझ्या ओळखीचा आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "फॅन फिरत होता की!" वाईट माणूस नाही, पत्र्याचं काम त्याच्यासारखं इथे कोणी करत नाही. पण वायर कापणाऱ्याने निदान ग्रिलपुढे हात तरी धरून बघायला हवा.

मला सुटत नाहीये तो प्रश्न हेडचा आहे. दिवाळीपासून ते ॲल्युमिनियमचं हेड कितीदा तापलं कोण जाणे, आणि सहसा ०.०५ मिमीपर्यंतच वाक चालतो. उतरवून सरळ पट्टी लावून बघितल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि चालतं इंजिन त्यासाठी उघडायला सांगणं मला पटत नाही. सरांना म्हटलं, दर रविवारी गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा, बोटभर जरी उतरली तर घाट न चढता इकडे आणा.