प्लेस्टेशन १ ची मॉडचिप: कुठलं फर्मवेअर टाकायचं?

पहिल्या प्लेस्टेशनमध्ये मॉडचिप (डिस्कची तपासणी चुकवणारी छोटी चिप) बसवायची म्हटलं की लोक आधी फर्मवेअरचा, म्हणजे चिपमध्ये भरायच्या प्रोग्रामचा, व्हर्जन नंबर बघतात, जितका मोठा तितका भारी. मला विचाराल तर एकच गोष्ट बघा, ती चिप गप्प कधी बसते.

आधी थोडक्यात सांगतो. सोनीने ओरिजिनल डिस्कच्या लीड-इनमध्ये, म्हणजे अगदी आतल्या कडेला, ट्रॅकला हलकीशी नागमोड दिलीय आणि त्यात चार अक्षरं लपवलीयत, जपानला एससीईआय, अमेरिकेला एससीईए, युरोपला एससीईई. ही नागमोड साध्या सीडी रायटरला काढता येत नाही, म्हणून कॉपी केलेली बॅकअप डिस्क चालत नाही आणि दुसऱ्या रीजनचा, म्हणजे दुसऱ्या प्रदेशासाठी काढलेला, गेम ओरिजिनल असला तरी अडतो. मॉडचिप हीच अक्षरं वायरमधून आत ढकलते, एक बिट ४ मिलिसेकंद, एका वेळी ४४ बिट. काम एवढंच.

सुरुवातीच्या चिप हे काम अखंड करत बसायच्या. मग १९९९ च्या आसपास गेमवाल्यांनी बरोबर तिथेच पकडलं. गेम ड्राइव्हला डिस्कच्या डेटाच्या भागावर नेतो आणि विचारतो, इथे ती अक्षरं किती वेळा आली? तिथे नागमोड नसतेच, त्यामुळे उत्तर शून्यच यायला हवं, शून्य नसेल तर चिप आहे हे उघड, गेम तिथेच बंद. डायनो क्रायसिसमध्ये हे हमखास दिसतं.

त्यावर स्टेल्थ, म्हणजे लपून राहणारे, फर्मवेअर आले, त्यात एमएम३ नावाचं सगळ्यात जास्त चाललं. चालू झाल्यावर ठरावीक वेळा अक्षरं पाठवायची आणि थांबायचं, कन्सोलचं झाकण उघडलं की पुन्हा पाठवायची, म्हणजे दुसरी डिस्कही चालते. चांगलंच आहे, पण शेवटी तो वेळेचा अंदाज, डिस्कवर खरंच काय चाललंय ते चिपला कळत नाही.

पीएसनी हे दुसरं फर्मवेअर मला आवडतं ते ह्याचसाठी. ओपन सोर्स आहे, आर्डुइनोवर (छोटा, प्रोग्राम करता येणारा बोर्ड) चालतं आणि ड्राइव्हमधून येणारा सबक्यू डेटा, म्हणजे ड्राइव्ह डिस्कवर कुठे आहे ही माहिती, स्वतः वाचतं. त्यात ट्रॅक शून्य, पुढे ए०, ए१ किंवा ए२ हे कोड दिसले म्हणजे ड्राइव्ह आत्ता लीड-इनमधली डिस्कची टीओसी (अनुक्रमणिका) वाचतोय, तेव्हाच अक्षरं पाठवायची, एरवी तोंड बंद. झाकणाच्या वायरची गरजच नाही, आणि कन्सोलच्या पीयू-२२ पासून पुढच्या मदरबोर्डांवर गेट नावाचा सिग्नल वेगळा वागतो तेही ते स्वतःच ओळखतं. फक्त सबक्यू आणि त्याच्या क्लॉकच्या (ठोके देणाऱ्या सिग्नलच्या) दोन वायर जास्त लागतात, आणि त्या पिना फार बारीक असतात, हात स्थिर हवा.

आता एक गोष्ट जी व्हर्जनच्या वादात कुणी बोलतच नाही. एमएम३ पिक १२एफ६२९ ह्या चिपवर टाकत असाल तर तिच्या मेमरीच्या शेवटच्या ॲड्रेसवर फॅक्टरीने ऑसिलेटरचं (चिपच्या आतल्या घड्याळाचं) कॅलिब्रेशन, म्हणजे वेळ बरोबर ठेवणारा आकडा, ठेवलेलं असतं, प्रत्येक चिपचं वेगळं. पूर्ण इरेज करायच्या आधी ते वाचून लिहून ठेवा. ते गेलं की चिपचं घड्याळ मागेपुढे होतं, ४ मिलिसेकंदाचा बिट ४ चा राहत नाही, मग डिस्क कधी लागते कधी नाही आणि माणूस उगाच फर्मवेअरला शिव्या घालतो 🙂 जुन्या १२सी५०८ चिपवर तर एकदाच लिहिता येतं, अपडेट म्हणजे चिप काढून दुसरी लावणे.

अमेरिकन कन्सोलवर एमएम३ नीट चालत असेल तर मी ती उपटणार नाही, पुन्हा पुन्हा गरम करून बोर्डचे पॅड निघतात. नवीन बसवताय तर सरळ पीएसनी. युरोपचं एससीपीएच-१०२ मॉडेल किंवा नंतरची जपानी मॉडेल असतील तर बायोसही (कन्सोल सुरू करणारा आतला प्रोग्राम) रीजन तपासतो, तिथे ती तपासणीही चुकवणारं, बायोस पॅच असलेलंच फर्मवेअर लागेल, नाहीतर दुसऱ्या रीजनचे गेम चालणार नाहीत. आणि स्क्रू लावायच्या आधी दोन टेस्ट कराच, एक चिप पकडणारा गेम आणि एक दोन डिस्कचा, डिस्क बदलायच्या जागेपर्यंत खेळून.