दोघांची पहिली हाफ मॅरेथॉन : रत्नागिरीहून कोल्हापूरला

रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता मला वळणांसकट पाठ आहे. हातखंबा, पाली, साखरपा, मग आंबा घाट आणि वर चढलं की मलकापूर, बांबवडे. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना, म्हणजे आईंना, रेडिएशनसाठी कोल्हापूरला न्यावं लागलं. सोमवार ते शुक्रवार रोज एक शेक, असे सहा आठवडे. मशीनखाली प्रत्यक्ष दहा-बारा मिनिटं जातात, पण तेवढ्यासाठी कुणी रोज १३० किलोमीटर जाऊन-येऊन करू शकत नाही. उपचारांचा खर्च सरकारी योजनेत बसला. खोलीभाडं, रिक्षा, दोन माणसांचं दोन वेळचं जेवण हे कशातच बसलं नाही. पहिले चार दिवस लॉजवर काढले आणि आई म्हणाल्या, "पुरे झालं, घरी जाऊ." त्यांना पैसे दिसत होते. पाचव्या दिवशी एका लहानशा संस्थेच्या निवासात जागा मिळाली. दोन खाटा, एक कपाट, सामाईक स्वयंपाकघर, नाममात्र भाडं. ती खोली मिळाली म्हणून तिसाच्या तीस शेक पुरे झाले.

या जानेवारीत मी आणि माझा नवरा कोल्हापुरात २१ किलोमीटर धावलो, ते त्या निवासासाठी पैसे जमवायला. दोघांचीही पहिलीच हाफ मॅरेथॉन. मी ४३ वर्षांची, तो ४७ वर्षांचा.

धावणं डोक्यात शिरलं तेही त्याच सहा आठवड्यांत. आईंची वेळ दुपारची असायची. सकाळी त्या म्हणायच्या, "जा गं, जरा वारा खाऊन ये." मी चालत रंकाळ्यावर जायची. शालिनी पॅलेसच्या बाजूनं बायका धावत यायच्या, काही तर माझ्याहून वयानं मोठ्या. एकदा दोनशे पावलं धावून बघितलं आणि छाती फुटायची वेळ आली. निवासातल्या स्वयंपाकाच्या मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सांगितली. नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. "तसं करायचं बघा," म्हणाल्या. पुढचे सगळे महिने मी तेच केलं.

पैसे गोळा करण्याबद्दल आधी सांगते, कारण आमच्या पहिल्या चुका तिथंच झाल्या. आम्ही गृहीत धरलं होतं की संस्थेला धान्य लागत असेल. फोन केला तर धान्य भरपूर येतं म्हणाले, गाद्या मात्र कुणी देत नाही. रेक्झिनचं आवरण असलेल्या, ओल्या फडक्यानं पुसता येतील अशा गाद्या त्यांना हव्या होत्या. म्हणून आधी विचारा, मग मागा. लोकांना "मदत करा" म्हटलं की ते "बघू" म्हणतात. "आठ गाद्या घ्यायच्यात, किलोमीटरमागे किती देताय?" असं विचारलं की लगेच आकडा सांगतात. कुणी किलोमीटरला पाच रुपये लावले, कुणी अकरा, माझ्या भावानं शंभर. बाजारातल्या ज्या मावशींकडे मी मासे घेते, त्यांनी शर्यतीच्या आधीच २१० रुपये हातात ठेवले. म्हणाल्या, "पुरं धावली नाहीस तरी चालेल, हे त्यांचेच."

संस्था देणगीवरच्या आयकर-सवलतीसाठी (८०जी) नोंदलेली आहे का, हे आधी बघून घ्या. असेल तर देणाऱ्याला जुन्या करप्रणालीत सूट मिळते, पण २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर मिळत नाही. मोठी रक्कम थेट संस्थेच्या खात्यात भरायला सांगा आणि पावतीसाठी पॅन द्यायला सांगा. आमच्या काकांनी ५,००० रोख दिले आणि नंतर पावतीवरून मनस्ताप झाला. स्पर्धेची प्रवेश फी, बूट, प्रवास हा खर्च आमच्या खिशातून केला आणि मागतानाच तसं स्पष्ट सांगितलं. पेशंटचे फोटो कुठंही टाकले नाहीत. आईंनी स्वतःची गोष्ट सांगायला परवानगी दिली, तेवढीच सांगितली.

सराव ऑगस्टमध्ये सुरू केला, म्हणजे हातात वीस आठवडे होते. रत्नागिरीत ऑगस्टचा पाऊस कसा असतो ते सांगायला नको. पहिले तीन आठवडे एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, एवढंच. आठवड्यातून तीन दिवस धावायचो. रविवारचं अंतर दर आठवड्याला साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरनं वाढवायचो आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचो. तांदळाएवढं मागं. शर्यतीआधी सर्वांत लांब धावलो ते १८ किलोमीटर, तेही तीन आठवडे आधी. नंतर अंतर उतरवत नेलं. शेवटच्या आठवड्यात अपराधी वाटतं, काहीच करत नाही असं वाटतं. तरी वाढवू नका.

भाट्याच्या वाळूवर धावायचा मोह आम्हाला नडला. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. माझा डावा गुडघा दोन आठवडे कुरकुरला. डांबरी रस्ता, भाट्याचा पूल आणि आठवड्यातून एकदा रत्नदुर्गाचा चढ, यावर गाडी रुळावर आली.

जोडीनं धावणाऱ्यांसाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. माझ्या नवऱ्याचे पाय लांब आहेत, वेग जास्त आहे. पहिला महिना तो पुढं जाऊन वळणावर थांबायचा, मी पोचले की पुन्हा निघायचा. म्हणजे त्याला विश्रांती मिळायची, मला नाही. एका सकाळी मी रस्त्यातच बसले आणि म्हटलं, असं असेल तर मी एकटी धावेन. त्या दिवशी ठरलं : त्या सकाळी ज्याचा वेग कमी, त्याच्या वेगानं दोघांनी जायचं. वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे, तुटक बोलायची वेळ आली की वेग उतरवायचा. आणि "चल" म्हणजे धाव, "चाल" म्हणजे चाल, हे शब्द पक्के. दमलेल्या माणसाला लांबलचक समजूत नको असते. शर्यतीत दोघं शेवटपर्यंत बरोबर राहणार की नाही, हेही घरीच ठरवा. सतराव्या किलोमीटरला तो विषय काढायचा नसतो.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघालो, आई बरोबर. साडेतीन-चार तास धरा आणि रस्त्याचं काम चालू असेल तर जास्त. घाट लागत असेल तर शुक्रवारीच या. एसटी स्टँडच्या आसपास राहायची सोय भरपूर आहे, पण स्पर्धेच्या शनिवारी खोल्या भरतात, तेव्हा नाव नोंदवलं की खोलीही नोंदवा. बिब, म्हणजे टी-शर्टवर लावायचा स्पर्धेचा नंबर, शनिवारीच घ्यायचा होता. ओळखपत्र आणि नोंदणीचा मेसेज दोन्ही लागलं. वेळ मोजणारी चिप बिबच्या मागं चिकटवलेली असते, ती दुमडायची नाही.

संध्याकाळी सगळ्या गल्ल्यांतून रश्श्याचा वास येत होता. तांबडा-पांढरा रस्सा सोमवारसाठी ठेवा, हे मी मनापासून सांगते. आम्ही वरणभात आणि बटाट्याची भाजी खाल्ली आणि नऊला आडवे झालो. आईंनी माझ्या टी-शर्टला बिब लावून दिला, चारही कोपऱ्यांना पिना, गोधडी टाचताना बघतात तसं हातानं सपाट करून बघितलं. रेडिएशनच्या वेळी त्यांच्या अंगावर शाईच्या खुणा होत्या, आणि त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून सहा आठवडे त्या जपून अंघोळ करायच्या. बिबवरचा नंबर बघून म्हणाल्या, "माझ्या खुणांसारखं आहे गं. सांभाळ."

जानेवारीतल्या कोल्हापूरची पहाट आम्हा कोकणवाल्यांना चांगलीच थंड वाटते. जुना शर्ट घालून जा आणि सुरुवातीच्या रेषेवर काढून द्या. हवा कोरडी असल्यानं घाम जाणवत नाही, पण पाणी जातच असतं. निघण्याआधी दीड तास एक केळं आणि गूळ-शेंगदाणे खाल्ले. काखेत, मांड्यांना आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन लावलं. बूट नवे नकोत, मोजेही नवे नकोत.

पहाटे सहाला सोडलं. ढोल-ताशा, गर्दी, सगळे सुसाट. पहिला किलोमीटर आम्ही ठरवल्यापेक्षा मिनिटभर लवकर संपवला आणि तिथंच सावध झालो. मार्ग स्पर्धेप्रमाणे बदलतो, पण आमच्या वाटेवर दोन गोष्टी होत्या : पूर्वार्धात शिवाजी विद्यापीठाकडचा चढ आणि उत्तरार्धात रंकाळा. चढ तीव्र नाही, लांबतो. पावलं लहान करा, नजर दहा फुटांवर ठेवा. तो आम्ही बोलत-बोलत चढलो आणि विद्यापीठाच्या झाडांखाली उजाडलं तेव्हा मला कुठंच थांबावंसं वाटत नव्हतं. कडेला उभ्या एका आजींनी ओरडून सांगितलं, "पळा की वैनी, मागं बघू नका!"

चौदाव्या किलोमीटरच्या टेबलावर पाणी संपलं होतं. स्वयंसेवक पोरं रडवेली झाली होती, त्यांचा काय दोष. आमच्याकडे अर्धा लिटरची बाटली होती म्हणून निभावलं. मंद गतीनं धावणाऱ्यांपर्यंत टेबलं रिकामी होतात, हे धरून चाला. ओआरएस घेणार असाल तर पुडीवर लिहिलेल्या मापातच कालवा. आणि तहान नसताना प्रत्येक टेबलावर ग्लास रिचवू नका, जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं.

सतराव्याला, रंकाळ्याच्या काठावरच, नवऱ्याच्या पोटरीत गोळा आला. जिच्यावरून मी एकटी चालायची तीच फरशी. तो कठड्याला धरून उभा राहिला, चेहरा पांढरा. "तू हो पुढं." मी म्हटलं, "ठरलंय ना आपलं." टाच जमिनीला टेकवून गुडघा सरळ ठेवला, कठड्यावर भार देऊन पोटरी हळूहळू ताणली, मी अंगठ्यानं चोळत राहिले. एक पोरगा सायकल थांबवून स्प्रे घेऊन आला, "दमानं घ्या दादा, अजून लई टाइम हाय." साडेतीन तासांची मर्यादा होती, दोन तास वीस मिनिटं झाली होती. पुढचं सगळं विजेच्या खांबांवर मोजलं : चार खांब धावायचे, दोन चालायचे. किलोमीटरचा विचार करूच नका अशा वेळी. खांब दिसतो, किलोमीटर दिसत नाही.

दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी आई उभ्या होत्या, निवासातल्या मावशींबरोबर. याच भागात महाराजांनी काढलेली बोर्डिंगं आहेत. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली, खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांना टेकायला जागा हवी म्हणून. शिकायला आलेला असो की दुखणं घेऊन आलेला, बाहेरगावच्या माणसाला आधी पाठ टेकायला जागा लागते. धावताना हे मनात आलं आणि डोळे भरले. आईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. लेकाच्या चालीकडे बघून म्हणाल्या, "पाय बघू." तो म्हणाला, "नंतर, आई." आणि चार खांब धावला.

२१.०९७५ किलोमीटर. वेळ तीन तास चार मिनिटं. शेवटची रेघ हात धरून ओलांडली. पदक गळ्यात पडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाला. तासाभरात पोटात काही जाऊ दे. आम्ही ब्रेडबरोबर मिसळ खाल्ली, कट वेगळा मागून, बेतानं घेत. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध प्यालो. परतीचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका. चार तास पाय दुमडून बसणं त्या दिवशी झेपत नाही.

दुपारी निवासात गेलो. गाद्या आधीच आल्या होत्या, प्लॅस्टिकच्या आवरणातच भिंतीला उभ्या. जमलेल्या रकमेत आठाच्या जागी अकरा बसल्या. आमच्या जुन्या खोलीत देवगडकडच्या एक बाई आईला घेऊन आल्या होत्या, शेकाचा दुसराच आठवडा. सासूबाई त्यांच्या आईजवळ खाटेवर बसल्या आणि खुणा कशा जपायच्या ते सांगू लागल्या. त्या बाईंनी मला हळूच विचारलं, सकाळी जरा बाहेर पडायचं तर कुठं जायचं. मी बिब काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर रंकाळ्याची वाट काढून दिली, चालत पंधरा मिनिटं. सहाच्या आसपास निघा, पॅलेसच्या बाजूनं सुरुवात करा, तिथं वर्दळ कमी असते.